काच थंड होताना

खुर्चीवर बसा. कॉटवर नको. कारण सांगतो, पण ते आपल्या वेळी येईल.

आधी एक गोष्ट. मी भुतंखेतं मानत नाही. आमच्या घरात देव्हारा नाही. भिंतीवर बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत आणि त्यांच्या खाली हिरा. हिरा माझी बायको. मागच्या थंडीत याच कॉटवर झोपेत गेली. शाळा माझी चौथीपर्यंत. पण उभा जन्म या पुण्यात बस चालवली आणि कुणाला खरचटू दिलं नाही. ड्रायव्हरला मनाचे खेळ परवडत नाहीत. समोर जे दिसतं त्यालाच तो ब्रेक लावतो. तेव्हा जे दिसलं आणि ऐकलं तेवढंच सांगणार.

ही टेबलावरची सपाट स्क्रीन माझ्या मुलाची, राकेशची. कोरोनात तो घरूनच काम करायचा, तेव्हा घेतलेली. पुढं त्यानं वाघोलीला फ्लॅट घेतला. लोक म्हणतात, कचरूराव, मुलगा पुण्यातच आहे, नशीबवान आहात. मी म्हणतो, जर्मनीला गेला असता तर वर्षातून एकदा तरी आला असता. वाघोलीहून कर्वेनगरला यायला माणसाला सुट्टी आणि रस्त्याला दया, दोन्ही एकाच दिवशी यावी लागते.

जाताना त्यानं हे सगळं इथंच ठेवलं. स्क्रीन, खालचा डबा, वर चिकटवलेला कॅमेरा. म्हणाला, "बाबा, मोबाइलवर तुम्हाला दिसत नाही. यात मैना मोठी दिसेल." मैना माझी नात. पहिलीत आहे. दर रविवारी दुपारी ती या काचेत येते. बाकी आठवडा मी चहा करतो, कप धुतो आणि रविवारची वाट बघतो.

तर भाद्रपद संपून ऊन पुन्हा तापायला लागलं होतं. त्या रविवारी मैनाच्या तोंडावर ढग दिसला.

मी सुनेला म्हणालो, "दीपाली, तिकडं कुणी कचरा पेटवलाय का? पोरीचं तोंड धुरकट दिसतंय."

ती हसली. "धूर वाघोलीत आहेच बाबा, पण तो स्क्रीनमधून येत नाही. तुमची काच मळलीय. शेवटची कधी पुसली होती?"

"ते खातं हिराचं होतं."

मग ती हळू आवाजात सांगायला लागली. "आधी बटण बंद करा. मग भिंतीतली पिन काढा. लगेच हात लावू नका, गार होऊ द्या. चष्म्याबरोबर मिळतं ते मऊ कापड घ्या. कोरडंच. वरून खाली, हलक्या हातानं, दाबायचं नाही. डाग नाहीच निघाला तर कापड किंचित ओलं करून घट्ट पिळा. काचेवर थेट पाणी मारायचं नाही. आणि पेपर तर अजिबात नको."

"का? ओल्या पेपरनं मी बसची काच अशी पुसायचो की…"

"बाबा, ही बस नाही. हिच्यावर नाजूक थर असतो. आणि खालच्या कडेला फट असते, पाणी आत उतरतं."

मागून मैना ओरडली, "आजोबा, थुंकी लावू नका हं! पप्पा चष्म्याला लावतात!"

"मैना!" राकेशचा आवाज आला. मी हसलो. हसल्यावर ही खोली किती मोकळी आहे ते कळतं.

फोन संपला. मी बटण दाबलं. पिन काढली. काच काळी झाली आणि मी गार व्हायची वाट बघत बसलो.

दुपारची आमची सोसायटी म्हणजे कुलूप लावलेलं कपाट. पोरं शहराबाहेर, म्हातारी माणसं झोपलेली. लांब कुठंतरी कुकरची शिट्टी झाली आणि विरली. मग टेबलावरून आवाज आला. कट. थोड्या वेळानं पुन्हा कट. मी ओळखला. बसचं इंजिन बंद केल्यावर बॉनेटखालून असाच येतो. तापलेली वस्तू गार होताना आकसते.

गॅलरीतून ऊन आडवं आत आलं होतं. काच पेटलेली असताना जे दिसत नाही ते विझल्यावर दिसतं. काळ्या काचेवर दोन हात होते. तळवे आणि बोटं, वरून खाली ओढलेली. डाव्या हाताची पाच बोटं. उजव्याची चारच.

ते हात हिराचे होते.

ती बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. मशीनच्या पट्ट्यात उजवी करंगळी सापडली, ती तळव्याकडे वळली ती वळलीच. रविवारी मैना काचेत आली की हिरा खोबरेल लागलेले दोन्ही हात तिच्या चेहऱ्यावरून, म्हणजे काचेवरून, खाली उतरवायची. मग स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडायची. पोरीची अलाबला घ्यायची. लेकराचं काय वाईट असेल ते माझ्यावर येऊ दे, एवढाच त्याचा अर्थ. मैनाला तो आवाज फार आवडायचा. "आजी, अजून कडकड!"

मी चिडायचो. "बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आहे हे. असलं चालणार नाही."

ती म्हणायची, "अहो, हे देवाचं नाही. हे माझ्या बोटांचं आहे."

"तीही सगळी वाजत नाहीत. वाकडी करंगळी मुकी. दहावं कुठंय?"

"ते तुमच्या हातातलं घेईन कधी लागलं तर."

असं बोलणं व्हायचं. बास.

कापड हातात धरून मी थोडा वेळ उभा राहिलो. या घरात तिच्या अंगाचं तेवढंच उरलं होतं. लुगडी वाटून टाकली, कॉटवरची गादी बदलली. राहू द्यावं असं एकदा वाटलं. पण मैनाचं तोंड स्वच्छ दिसायला हवं होतं आणि मळ तो मळ. दीपालीनं सांगितलं तसं पुसलं. वरून खाली, हलक्या हातानं. डाग गेले. कापड घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी मैनाला ताप आला. डेंग्यू निघाला. वाघोलीच्याच एका दवाखान्यात ठेवलं.

मी पिशवी भरली. राकेशला फोन केला. "येतो मी."

"बाबा, इथं एकालाच वर सोडतात. तुम्ही येऊन खाली बाकावर बसून राहाल."

"बसेन."

"आणि तुम्हाला काही झालं तर मी कुणाकुणाकडे बघू?"

पिशवी दाराशी तशीच राहिली. या घरात बसून वाट बघायची, एवढंच माझ्या हातात ठेवलं होतं. बस बंद पडली तर ड्रायव्हर निदान खाली उतरून चाकाला लाथ मारतो.

पुढच्या दुपारी मी या खुर्चीत बसलो होतो. दाराला आतून कडी. स्क्रीन बंद, पिन काढलेली. ऊन पुन्हा आडवं आत आलं आणि काचेवर ते दोन हात दिसले.

पहिल्यांदा वाटलं, आपणच नीट पुसलं नाही. चष्म्याचं कापड काढलं, कोरडं फिरवलं. हात तसेच. कापड ओलं करून पिळलं, पुन्हा फिरवलं. तसेच. तेलाची चमक ताजी होती. मी नखानं हळूच खरवडलं. नखाला काही लागलं नाही. बोटाखाली काच स्वच्छ, गुळगुळीत होती. डाग काचेच्या वर नव्हता.

भीती वाटली की मला राग येतो. तसाच स्वभाव आहे. पोर तिकडं दवाखान्यात आणि इथं मला एक डाग ऐकत नाही म्हणजे काय. मोरीत गेलो, पेपर भिजवला, त्याचा बोळा केला आणि लागलो घासायला. आयुष्यभर पावसाळ्यात जशी पुढची काच घासली तशी. सगळं अंग टाकून. पाणी ओघळलं, खालच्या पट्टीपर्यंत गेलं आणि दिसेनासं झालं. तेव्हा थांबलो. दीपालीचं बोलणं तेव्हा आठवलं.

हात अजून तिथंच होते.

मी पंख्याखाली स्क्रीन वाळवत ठेवली. खोलीत शाईचा आणि ओल्या कागदाचा वास होता. त्याच्याखाली आणखी एक बारीक वास होता, तो मी तेव्हा ओळखला नाही.

ऊन उतरलं तेव्हा राकेशचा फोन आला. धापा टाकत होता. "बाबा, प्लेटलेट्स खूप उतरल्यात. मी रक्तपेढीत चाललोय. मैना तुम्हाला बघायचं म्हणते. कॉम्प्युटर लावता?"

"लावतो."

"बाबा…"

"काय?"

"काही नाही. लावा."

पिन लावली ती भीत भीतच. खोटं बोलण्यात अर्थ नाही. बिघडली असती तर पोर मला दिसली नसती आणि तो दोष माझ्या हट्टाचा असता. बटण दाबलं. उजेड आला. पण पूर्ण नाही. खालच्या कडेला वीतभर पट्टा काळाच राहिला. पाणी आत गेलं होतं.

वरच्या भागात मैना आली. ओठ सुकलेले. डोळे उघडे, पण त्यांत ती नव्हती. हाताला सुई. दीपाली फोन धरून बसली होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

"मैना," मी म्हणालो. "ए राणी. आजोबा आलेत बघ."

तिनं बघितलं. पुष्कळ वेळानं म्हणाली, "आजोबा… कडकड करा."

"काय करू?"

"आजीसारखं…"

दीपाली म्हणाली, "पिल्लू, आजोबांना ते येत नाही." आणि तिचा आवाज फुटला.

मी खाली बघितलं. पोरीच्या तोंडाकडं बघवेना म्हणून. खाली तो काळा पट्टा होता. काळ्या काचेत मागची खोली दिसते. माझं अंग सोडून उरलेली जागा दिसत होती. कॉटची कड. चादरीची निळी किनार. आणि त्या कडेवर टेकलेले दोन हात.

पट्टा वीतभरच. त्यामुळं हात तेवढे दिसत होते. वर काय होतं ते दिसत नव्हतं. तळवे खाली, बोटं पुढं. उजवी करंगळी आत वळलेली.

मी वळलो नाही. ड्रायव्हर मागं वळून बघत नाही, आरशात बघतो. मी पट्ट्यात बघत राहिलो.

"आजोबा…" मैना म्हणाली. डोळे मिटायला लागली होती. दीपालीनं हाक मारली, "मैना, झोपू नको, इकडं बघ. मैना!"

मी दोन्ही हात उचलले. पट्ट्यातले हातही उचलले गेले. चादरीवर दबलेली जागा हळूच वर आली. हात पट्ट्याच्या बाहेर गेले, वर, जिथं उजेड होता आणि काच काही दाखवत नव्हती.

मी तळवे काचेवर टेकवले. पोरीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत खाली आणले. काच गरम होती. मग बोटं कानशिलांवर नेली आणि दाबली. स्टेअरिंग धरून धरून माझी बोटं लाकडासारखी झालीत. एकही वाजलं नाही.

माझ्या दोन्ही कानांशी गारवा आला. फ्रिज उघडल्यासारखा. आणि तो बारीक वास आता सगळ्या खोलीत भरला. तव्यावर भाजलेल्या मशेरीचा. हिरा गेल्यापासून या घरात मशेरी भाजली गेलेली नाही.

मग वाजलं. माझ्या कानाच्या अगदी मागं. कट. कट. कट. एकेक, सावकाश, गार होणाऱ्या इंजिनासारखं. डाव्या कानाशी पाच. उजव्याशी चार.

मग शांतता. कुणीतरी थांबलं होतं. वाट बघत होतं. कशाची ते मला कळलं होतं.

"घे," मी म्हणालो. "काय लागेल ते घे. पोर सोड."

माझ्या उजव्या हाताची करंगळी आपोआप आत वळली आणि वाजली. मोठ्यांदा. कळ खांद्यापर्यंत गेली.

काचेत मैनानं डोळे उघडले. "वाजलं," ती म्हणाली. आणि जरा हसली.

तिथं फोन तुटला. मी हळूच मागं बघितलं. कॉट रिकामी होती. चादरीला एक सुरकुती नव्हती.

थोड्या वेळानं दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या सुहासिनीबाई होत्या, हातात वाटी. "नातीचं ऐकलं म्हणून खिचडी आणली. खाऊन घ्या, उपाशी राहून ताप उतरत नाही कुणाचा." मग नाक वर करून म्हणाल्या, "कचरूराव, या वयात मशेरी लावायला लागलात की काय? जिन्यापर्यंत वास आलाय."

मी वाटी घेतली. आत या म्हणालो नाही.

मैना बरी झाली. रक्त वेळेवर मिळालं, डॉक्टर हुशार होते. दीपाली तसंच म्हणते, मीही तसंच म्हणतो. तिच्यापुढं दुसरं काही बोललेलो नाही.

माझी करंगळी सरळ होत नाही. ही बघा. आमच्या डॉक्टरांनी दाबून बघितली, म्हणाले, वय झालं, सांधे धरतात. मी म्हणालो, बरं.

नंतर राकेश आला. खरंच आला, वाघोलीहून, दोन बस बदलून. काळा पट्टा बघून कपाळाला हात लावला. "पेपरनं पुसलीत ना?"

"हो."

"नवीन घेऊन देतो. ही देऊन टाकू. आणि बाबा, तुम्ही आता आमच्याकडंच चला. इथं एकटे काय करता?"

एकटे म्हणाला आणि कॉटवर बसायला गेला. मी त्याचा दंड धरला. जरा जोरात धरला असेन. तो माझ्याकडं बघत राहिला, मग खुर्चीवर बसला. स्क्रीन मी देऊ दिली नाही. तिकडं जायलाही नाही म्हणालो. त्याला वाटतं, बाप हट्टी आहे. वाटू दे.

नंतर डाग पुन्हा दिसले नाहीत. दर रविवारी फोन झाला की मी बटण बंद करतो, पिन काढतो, गार होऊ देतो, मऊ कापडानं वरून खाली पुसतो. पाणी नाही, पेपर नाही. पट्ट्यात कॉटची कड दिसते. रिकामी असते. तरी कॉटवर कुणाला बसू देत नाही. तिला हात टेकायला जागा लागते.

खरं सांगायचं तर मला त्याचा आधार वाटायला लागला होता. घरात आपण सोडून आणखी कुणाचा तरी आवाज असणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरात नाही त्यालाच कळतं. काच गार होताना वाजते तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवतो आणि ऐकतो.

आज सकाळीही ऐकलं. कट. मग पुन्हा कट. सवयीनं कप खाली ठेवला, डबीतून कापड काढलं. काचेपाशी गेलो तेव्हा लक्षात आलं. आज रविवार नाही. स्क्रीन लावलेलीच नव्हती. पिन भिंतीत नव्हती, टेबलावर पडली होती. मी काचेला हात लावला. ती गरम होती.

मी खुर्चीत बसलो आणि मशेरीचा वास आला. आवाज कानाशी आले, एकेक करून, आणि थांबले. मी या वेळी कुणाला काही देतो म्हणालो नाही. तरी माझ्या मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताचं हे करंगळीशेजारचं बोट आपोआप आत वळलं.

करंगळी वळली तेव्हा पोर दवाखान्यात होती; आज तिकडं काय झालंय कळेना, तेव्हापासून वाघोलीला फोन लावतोय. राकेशला, दीपालीला. आत्ता तुम्ही आलात तेव्हाही तेच करत होतो. पलीकडं वाजतोय. ऐकू येतंय ना तुम्हाला?

कुणी उचलत नाही.